परबांचे पाय

साकीनाक्याच्या गल्लीत भाऊराव परबांचं गॅरेज. गाडी कुठे थरथरते ते शोधायची त्यांची रीत भलतीच. चपला काढायच्या, ड्रायव्हरशेजारी बसायचं, मॅट बाजूला सारून अनवाणी पाय पत्र्याला टेकवायचे आणि म्हणायचं, "चालव हळू." गल्ली संपेपर्यंत निदान तयार! तीस वर्षांत परब एकदाही चुकले नाहीत, असं लोक म्हणत. ते स्वतः तर म्हणतच.

त्या दिवशी गंधाली आली. घाटकोपरहून रोज ऑफिसला गाडी घेऊन जाणारी. "काका, वीसच्या स्पीडला थरथरते. पन्नासला गप्प."

दोन फेऱ्या झाल्या. परबांच्या पायांना काहीच जाणवलं नाही.

"काय नाय गो गाडीत. वहम आहे तुझा."

"अहो, स्टिअरिंग नाचतंय माझ्या हातात!"

"तू मला शिकवतेस?" परबांचं डोकंच फिरलं. उतरून दार आपटलं नि अनवाणीच तरातरा निघाले. मागून गंधाली ओरडली, "काका, रक्त!"

टाचेत पत्र्याची चांगली नखाएवढी कपची रुतली होती. गाडीत बसायच्या आधीच रुतली असणार, कारण आतल्या पत्र्यावरही रक्ताचे डाग होते. आणि यांना पत्ताच नाही! अंगात साखर. "पाय तपासून घ्या" म्हणून बायको वनमाला वर्षभर कानीकपाळी ओरडत होती. ऐकतंय कोण?

परबांनी कपची उपटून काढली. मग टाच बांधली, पुन्हा गाडीत शिरले आणि या वेळी वाकून दोन्ही तळहात पत्र्याला लावले. गाडी हलली तशी हातांना लगेच कळलं. उतरून पाहिलं, तर पुढच्या डाव्या टायरला आतल्या बाजूने मोठा फुगा आलेला. कधी फुटला असता, नेम नव्हता.

स्टेपनी चढवून झाली तशी गंधाली म्हणाली, "चला, आता डॉक्टरकडे. पायाला कधीपासून कळत नाही, काका?"

"ता माका तरी कसा कळतला गो?" वर्षभरात किती जणांना 'वहम आहे' म्हणून परत पाठवलं, ते एकेक चेहरे आठवायला लागले. त्यांनी फोन काढला आणि गेल्याच आठवड्यात हाकललेल्या श्यामसुंदर वकिलांना लावला.

"वकीलसाहेब, परब बोलतोय. मुलांना घेऊन गाडी बाहेर काढू नका. तुम्ही म्हणत होता ते खरं असेल. मला कळलंच नाही."