डोंगा दिसेनासा झाला
रस्त्यावर डांबर तापू लागलं, की मला पवनीजवळचा धरणाच्या पाण्याचा काठ आठवतो. तिथे माझा धाकटा भाऊ त्याच्या मासेमारीच्या डोंग्याला डांबर लावायचा. मोबाईलवरचे व्हिडिओ पाहून त्याची खात्री पटली होती, की पृथ्वी सपाट आहे. "ताई, पानी कधी वाकते का?" तो विचारायचा. दूर जाणारा डोंगा आधी खालून दिसेनासा होतो, असं मी सांगितलं, तर म्हणाला, "लहान दिसते म्हनून तसं वाटते. दुर्बिणीतून अख्खा दिसन, पाहूनच घे." एका सकाळी तो एकटाच डोंगा घेऊन निघाला. वारा पडला होता. मी काठावर पालथी पडून, डोळे पाण्याच्या अगदी जवळ ठेवून दुर्बीण लावली. चिखलाचा गारवा पोटाला लागत होता. पार दूर गेल्यावर तो ठरल्याप्रमाणे डोंग्यात उभा राहिला. डोंगा कुठेच नव्हता, माझा भाऊ घोट्यापर्यंत पाण्यात उभा दिसत होता. हेच दिसणार हे मीच सांगितलं होतं, तरी छातीत धस्स झालं. खरंच डोंग्यात पाणी शिरलं असेल तर? त्याचा फोन लागेना. माणसं बोलवायला मी रडत, धापा टाकत काठावरच्या उंच पाळीवर, मातीच्या बांधावर चढले आणि वळून पुन्हा दुर्बीण लावली. वरून डोंगा अख्खा दिसत होता, पाण्यावर नीट तरंगत. काठाला लागल्यावर तो म्हणाला, "काहून रडून राहिली? हारली का?" मी आधी त्याला हाताला धरून बाहेर ओढलं. काठावरून आणि पाळीवरून काय काय दिसलं ते माझ्याकडून ऐकल्यापासून तो पृथ्वी गोल मानतो. मी मात्र तो पाण्यावर निघाला, की आजही पाळीवर जाऊनच उभी राहते.