सोनकीची गौर

आमच्याकडे देवासला गौर तेरड्याची नसते, सोनकीची असते. गावातल्या टेकडीच्या मागच्या उतारावर हे झुडूप आपोआप उगवतं. खरखरीत पानं आणि शेवंतीच्या धाकट्या बहिणी शोभतील अशी पिवळी फुलं. ‘सोनकी’ हे नाव सासूबाईंचं. नवरा ‘वो पीले फूलवाली झाडी’ म्हणतो.

त्या वर्षी आषाढात सहाव्या महिन्यात माझं पोटातलं बाळ गेलं. बाबा धारहून न्यायला आले होते, पण मी गेले नाही. जावं किंवा राहावं, असं काहीच वाटत नव्हतं. कुणी वाढलं की जेवत होते, एवढंच.

गौरी आणायच्या आदल्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, “गौर तूच आणायची.”

“आई, यंदा राहू दे ना,” नवरा म्हणाला. “उसका मन नहीं है.”

“मन नसू दे. हात आहेत ना?”

सकाळी त्याच्याबरोबर स्कूटरवर गेले. त्याने फांद्या कापल्या, मी धरल्या. हातांना उग्र वास लागला. चांगला की वाईट, ते कळलं नाही.

दारात सासूबाईंनी माझ्या पायांवर दूध-पाणी घातलं. आत कुंकवाची पावलं काढलेली होती. रिवाजाप्रमाणे त्यांनी विचारलं, “गौर आली, कशाच्या पावली?”

“हळदीकुंकवाच्या पावली.”

मी एक पाऊल पुढे टाकलं.

“गौर आली, कशाच्या पावली?”

“धनधान्याच्या पावली.”

तिसरं उत्तर लेकराबाळांचं. ते मला पाठ होतं. सासूबाईंनी तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि मिटलं. थाळी वाजवणारी शेजारीणही थांबली. मी फांद्या घेऊन तशीच उभी राहिले. रडू येईल असं सगळ्यांना वाटलं असावं, मलाही वाटलं. पण आलं नाही.

“ये आत,” त्या म्हणाल्या आणि माझ्या हातातली गौर त्यांनी स्वतः घेतली.

दुसऱ्या दिवशी पुरणाचं जेवण झाल्यावर मी आतल्या खोलीत आडवी झाले. सासूबाई शेजारी येऊन टेकल्या. छताकडे बघत म्हणाल्या, “मलाही एक झाला होता. ह्याच्या आधी.”

“हो?” मी म्हणाले.

“हो.”

त्यांनी उठून पंखा वाढवला. मग आम्ही दोघी दिवेलागणीपर्यंत झोपलो.