मुळे डॉक्टरांची चाळिसावी बाटली

“काचंत वाढलाय त्यो. त्याला बैलाची जीभ काय ठावं?”

उमरग्याच्या जनावरांच्या दवाखान्यात टायपिस्ट म्हणून रुजू व्हायला गेले, तेव्हा हे वाक्य दाराबाहेरच ऐकलं. आत मुळे डॉक्टर शिपायाशी बोलत करडाचे गुर्दे कातरत होते आणि त्याच हातानं तोंडात सुपारी टाकत होते. मी उंबऱ्यावरच थांबले. नमस्कार करायचा राहूनच गेला.

“या बाईसाहेब! इंग्रजी शाळंत हे दाखवलं न्हाय वाटतं?”

गुर्द्यांच्या पेशी ते चपट्या बाटल्यांत वाढवत आणि त्यांवर लाळ-खुरकुताचा, म्हणजे जनावरांच्या जिभेवर-खुरांत फोड आणणाऱ्या रोगाचा, विषाणू सोडत. काही दिवसांनी त्यातलाच थोडा पुढच्या बाटलीत, मग त्याच्या पुढच्यात. खोलीभर रॉकेलचा आणि कच्च्या मांसाचा वास. मी माझा डबा बाहेर लिंबाखाली खाई. डॉक्टर तिथंच बाटल्या सरकवून भाकरी मोडत.

आज ते नाहीत. त्यांचं समजावणं मात्र अजून कानात आहे. “सुरुवातीला ह्यो विषाणू बाटलीतल्या पेशीला नीट धरतच न्हाय. एखादाच पठ्ठ्या धरतो. मग त्याचीच पिलावळ पुढं. शेवटी अशी पकड बसती, की दोन दिवसांत पेशी साफ! अन् तोच बैलाला टोचा, बैल निवांत रवंथ करतोय. धरायची खोडच बदलली. कशी, ते अजून कुणालाच ठावं न्हाय.” हे सांगताना त्यांचे डोळे चमकत आणि बरबटलेल्या बोटांचा मला विसर पडे. मग बजावत, “वरच्या लॅबला नमुना धाडायचा तो जिभेवरचाच. लस त्याच्यावरनं ठरती.”

त्या हिवाळ्यात साथ आली. शेवंताबाई नावाच्या शेतकरीण बाईंच्या बैलाची जीभ ओढून डॉक्टरांनी फोडाची साल काढायला घेतली. लाळेच्या तारा त्यांच्या कोपरापर्यंत लोंबत होत्या.

“जरा तोंड धरा की.”

मी दोन पावलं मागं सरले.

“लाळंनं इंग्रजी विरघळंल व्हय?” ते म्हणाले. शेवंताबाई हसल्या आणि त्यांनीच तोंड धरलं.

साल ग्लिसरीनमध्ये ठेवायची असते. ग्लिसरीन डॉक्टरांनी टाचांच्या भेगांना चोळून संपवलं होतं. साल साध्या पाण्यात राहिली. तिसऱ्या दिवशी झाकण काढलं तर सडलेली. मी नाकाला पदर लावला. डॉक्टरांनी फळीवरची चाळिसावी, ओळीतली शेवटची बाटली उतरवली आणि त्यातलं पाणी कुपीत ओतलं.

“लिहा. शेवंताबाईंचा बैल, जिभेवरच्या फोडातलं पाणी.”

मी बाटलीवरच्या चाळीस आकड्यावर बोट ठेवलं.

“विषाणू तोच की, बाई. कुणाला कळतंय?”

मी ओळ टाइप केली. सडक्या सालीपेक्षा मला त्या ओळीची किळस आली. बोटं पदराला पुसत होते, तेवढ्यात शेवंताबाई दारात आल्या.

“डाक्टरसाब, दुसरा बैल बी लाळ गाळायलाय सकाळपासनं. गाईला तरी लस कधी यायची? यंदा तालुक्यात कुणाचंच जनावर साथीतनं सुटंना.”

“येईल,” डॉक्टर फळीकडं बघत म्हणाले.

मी यंत्रातला कागद ओढून फाडला. चपला घातल्या. त्या खोलीत मी आपणहून कधीच काही बोलले नव्हते.

“डॉक्टर, चला. ग्लिसरीन वाटेत घेऊ. दुसऱ्या बैलाचं तोंड मी धरते.”