चौथ्या सीटचं वजन

शेठने विमान घेतलं तेव्हा ऑफिसात पेढे वाटले गेले. चार सीटचं, एका इंजिनचं, आधी कुणीतरी वापरलेलं. ते उभं असायचं घाटावरच्या एका छोट्या धावपट्टीवर आणि आम्ही माजिवड्याला, शेठच्या बांधकामाच्या ऑफिसात. मी तिथे फ्लॅट विकायचे. माझ्याकडे विमान चालवायचं लायसन्स होतं, पण त्यावर कधी नोकरी लागली नव्हती. शेठकडेही होतं. त्यांनी ते हौस म्हणून काढलेलं, मी पोटासाठी.

हिवाळ्यात विमान घेऊन कोचीला जायचं, असं शेठच्या डोक्यात आलं. आखणी माझ्याकडे दिली. शेठ चालवणार, शेजारी मी. मागे त्यांचा जावई, शूटिंग करायला. चौथी सीट रिकामी होती.

मी टिटवाळ्याला सरांकडे गेले. एका फ्लाइंग क्लबात त्यांनी तीस वर्षं नकाशे, वारा आणि हवामान शिकवलं होतं. डाव्या डोळ्याने जवळजवळ दिसत नसल्यामुळे त्यांना स्वतःला पायलट होता आलं नाही. विद्यार्थ्यांनी कधी धावपट्टीभोवती चक्कर मारून आणली असेल तेवढंच. मी परीक्षेत दोनदा नापास झाले तेव्हा त्यांनी मला वर्षभर घरी शिकवलं होतं, तेही फुकट. आता ते एकटेच होते.

मी म्हटलं, सर, आखणी तुम्ही करा आणि चौथ्या सीटवर तुम्ही चला.

त्यांनी दोनदा विचारलं, शेठना चालेल ना. मी हो म्हटलं. शेठना मी तोवर विचारलंसुद्धा नव्हतं. नंतर विचारलं, ते चालेल म्हणाले.

त्यानंतर दोन महिने मी दर रविवारी डोंबिवलीहून त्यांच्याकडे जायचे. जमिनीवर नकाशे पसरलेले असायचे. अडचण पेट्रोलची होती. आमच्या विमानाचं पेट्रोल मोजक्याच विमानतळांवर मिळतं. टाक्या पूर्ण भरल्या तर तीनच माणसं बसतात. चौथा हवा तर पेट्रोल कमी घ्यावं लागतं. सरांनी तोड काढली. दोन ड्रम ट्रकने आधीच बेळगावला पाठवायचे, तिथे भरून पुढे मंगळूर, मग कोची. चार माणसं आरामात बसत होती. हे मला कळलं होतं, हे इथे लिहून ठेवते.

निघायच्या आठवड्यात शेठने मला केबिनमध्ये बोलावलं. बेळगावला उतरायचा त्यांना कंटाळा होता. विमानावर कायमचा पायलट ठेवायचा विचार आहे, असंही ते बोलता बोलता म्हणाले. मी म्हटलं, ड्रम नकोत, थेट मंगळूर जमेल. मग तो म्हातारा? त्यांनी विचारलं. मी म्हटलं, वजनात बसणार नाहीत ते. शेठ म्हणाले, हिशेब तुझा, तूच सांग त्यांना.

मी सांगितलं नाही. शनिवारी सगळ्यांचं वजन करायचं म्हणून सरांना साइटवर बोलावून घेतलं. वाटलं, काटाच सांगेल.

लोखंड मोजायचा काटा होता तो. शेठ, जावई, मी, सगळे चढलो-उतरलो. मग सर बॅगेसकट उभे राहिले. सुपरवायझरने आकडा मोठ्याने वाचला. जावई मोबाइलवर शूट करत होता. मी म्हटलं, जास्त होतंय सर. त्यांनी बॅग खाली ठेवली. तरीही जास्त, मी म्हटलं. त्यांनी बूट काढले, मग स्वेटर. तो त्यांनी या प्रवासासाठी नवा घेतला होता.

"चष्मा काढून ठेवू का?" ते म्हणाले.

त्यांनी खरंच विचारलं होतं. सगळे हसले. मीही हसले.

मग त्यांनी हात पुढे केला आणि माझा हिशेबाचा कागद मागितला. देताना मला थांबता आलं असतं. त्यांनी तो उजव्या डोळ्याजवळ धरून वाचला.

"यात बेळगाव नाही," ते म्हणाले. "बेळगाव घेतलं तर बसतोय मी. आणि हे कॅमेऱ्याचं सामान बत्तीस किलो?"

सगळे माझ्याकडे बघत होते. शेठही.

"सर, तुमचं गणित आता जुनं झालं," मी म्हटलं.

 खिशातली पेन्सिल काढून त्यांनी कागदावर दोन ओळी खोडल्या आणि वर नवे आकडे लिहिले. मंगळूरपर्यंतचा वारा मी पाठीमागून धरला होता. तो समोरून येणार होता. त्या चुकीच्या आकड्यावर मी टाक्या कमी भरणार होते, कॅमेऱ्याचं सामान बसावं म्हणून. सरांनी कागद माझ्या हातात दिला, "टाक्या पूर्ण भर" एवढं म्हणाले आणि बूट घालायला वाकले. लेस बांधायला त्यांना वेळ लागला. कोणी पुढे झालं नाही.

आम्ही गेलो. टाक्या पूर्ण भरल्या, सामान कमी केलं. वारा समोरूनच होता. मंगळूरला उतरल्यावर टाकीत काठी घालून पेट्रोल पाहिलं आणि हिशेब केला. सर गप्प बसले असते तर कारवारच्या पुढे, समुद्रावरच आमचं इंजिन बंद पडलं असतं. शेठना मी हे सांगितलं नाही. कोचीला त्यांनी आखणीबद्दल माझं कौतुक केलं, ते मी घेतलं. पुढच्या महिन्यात ऑफिसचं टेबल सुटलं. आता मी त्यांच्याकडे पायलट आहे.

एकदा धीर करून टिटवाळ्याला गेले. सरांनी दार उघडलं, बसायला सांगितलं, चहा ठेवला. पूर्वी मला ते "अगं, ये" म्हणायचे. त्या दिवशी म्हणाले, "साखर किती घेता तुम्ही?" मी म्हटलं, सर, मला अहोजाहो कशाला करताय. ते ओट्याकडे तोंड करून उभे होते. साखर किती, त्यांनी पुन्हा विचारलं. मी एक चमचा म्हटलं.

माफी मागायला गेले होते, पण चहा पिऊन परत आले. जिन्यात मला हलकं वाटलं, कारण त्यांनी कोचीचा विषयच काढला नव्हता.