मांडी घालून बसायचं होतं

कॉम्प्युटरवर माझा जुना राग. आणि उगाच नाही. नव्वदच्या दशकात नाशिकला इंदिरानगरात माझा टायपिंगचा क्लास होता. सकाळी उजाडायच्या आत पोरं-पोरी येऊन बसायची आणि त्या खडखडाटाने शेजारीपाजारी वैतागायचे. मग गल्लोगल्ली कॉम्प्युटर क्लास निघाले, माझी पोरं एकेक करून तिकडे गेली आणि एक दिवस भंगारवाल्याने माझी यंत्रं टेम्पोत भरून नेली. रिकाम्या खोलीत राहिलो मी आणि माझी मुलगी. आणि रात्री काढून कोपऱ्यात उभा केलेला माझा पाय.

पाय खोटा. डावा. क्लास जरा चालायला लागला होता तेव्हाच द्वारका चौकाच्या वळणावर एका ट्रकने माझ्या स्कूटरला घेतलं आणि पाय निम्म्या मांडीपासून गेला. पहिला खोटा पाय एका शिबिरात मिळाला. मांडीला ओल्या प्लास्टरच्या पट्ट्या गुंडाळल्या, वाळल्यावर साचा काढून घेतला, त्यावरून पाय करून दिला. फुकट मिळालेल्या पायाबद्दल कुरकुर करू नये म्हणतात. मी करतो. त्या पायाने चालता यायचं, खुर्चीवर बसता यायचं, पण खाली बसायचं नाव काढायचं नाही. उरलेली मांडी ज्या प्लास्टिकच्या खोबणीत घालायची, तिची कड मागून अशी रुतायची की डोळ्यांत पाणी यायचं. आणि गुडघ्याखालचा पाय आपला सरळ समोर ताणलेला, कुणाला तरी अडवायला बसल्यासारखा.

घरी मी पाय काढून जमिनीवर बसत असे. बाहेर ते कसं करणार? बारशाला, मुंजीला, सत्यनारायणाला गेलं की लोक मोठ्या प्रेमाने म्हणायचे, "तुमची खुर्ची तिकडे टाकलीय." तिकडे म्हणजे भिंतीपाशी. सगळे खाली पंगतीत मांडीला मांडी लावून बसायचे, एकमेकांना आग्रह करायचे, आणि मी वर, मांडीवर ताट घेऊन. वर्षानुवर्षं मी लोकांच्या टाळक्यांकडे बघत जेवलो. वाढणाऱ्याचीही वर नजर जायची नाही. हळूहळू मी जाणंच सोडलं. कुणी फारसं विचारलंही नाही.

बायको होती तोवर घरी तरी बोलायला माणूस होतं. मुलगी पाचवीत असताना बायको काविळीने गेली. त्यानंतर आम्ही दोघंच. मी तिची वेणी घालायला शिकलो, वाकडी का होईना. ती माझी काठी शोधून द्यायला शिकली. तिला नोकरी लागली, आणि पुढे तिने स्वतःच एक मुलगा घरी आणून समोर उभा केला. मुलगा चांगला होता. मला त्याच्यातही दोष काढता आला नाही.

लग्न ठरलं आणि सायखेड्याहून माझा थोरला भाऊ आणि वहिनी आले. भावाने चहाचा पहिला घोट घेतला आणि सरळ मुद्द्यावर आला. "हे बघ, कन्यादानाला मी आन् तुझी वहिनी बसतो. जोडपं लागतं त्याला. आन् तुला तर खाली बसता येत नाय."

मी काही बोलायच्या आत मुलगी स्वयंपाकघरातून बाहेर आली. "काका, तुम्ही दोघं माझ्या शेजारी थांबा, मला बरं वाटेल. पण कन्यादान बाबाच करणार. पाटावर बसून."

हिला काय जातंय बोलायला! मी तिच्याकडे डोळे वटारून पाहिलं, तर ती कप उचलून आत निघून गेलेली.

"मग पाय काढून बसा की, भावजी," वहिनी म्हणाली. "घरी बसताच ना?"

"आणि पाय कुठे ठेवू? मांडवाबाहेर, चपलांच्या ढिगात?" मी असा काही ओरडलो की भावाच्या बशीतला चहा सांडला. वहिनी बिचारी भल्यासाठीच बोलली होती. पण व्याह्यांसमोर मला कुणीतरी उचलून पाटावर ठेवायचं, पाय शेजारी आडवा पडलेला, आणि अशा अवस्थेत मी माझी एकुलती एक पोर द्यायची? त्यापेक्षा न गेलेलं बरं.

गुरुजींना विचारलं. ते म्हणाले, बायको नसली तरी बाप बसू शकतो, तिच्या पाटावर सुपारी ठेवायची. चांगली हसती-बोलती बाई, आणि तिच्या जागी सुपारी. पण वाट निघाली होती. आता प्रश्न एवढाच राहिला, मला पाय लावून मांडी घालता येते की नाही.

मुलीनेच कुठून तरी शोधून काढलं की एका ट्रस्टच्या दवाखान्यात आता पायाचं माप कॉम्प्युटरवर घेतात. "कॉम्प्युटर?" मी म्हणालो. "माझा क्लास गिळून त्याचं पोट भरलं नाही वाटतं!" तिने रिक्षा बोलावली.

तिथल्या तंत्रज्ञाने माझ्या उरलेल्या मांडीवर पातळ पांढरा मोजा चढवला आणि हातातलं एक यंत्र मांडीभोवती सावकाश फिरवलं. प्लास्टर नाही, ओल नाही, वाळेपर्यंत ताटकळणं नाही. पडद्यावर करड्या रंगाचा एक गोळा दिसायला लागला. तो म्हणाला, "काका, ही तुमची मांडी." त्याने बटणं दाबून तो गोळा फिरवला. आयुष्यात पहिल्यांदा मी माझं थोटूक मागच्या बाजूने पाहिलं. कुणीतरी न विचारता माझा फोटो काढल्यासारखं वाटलं. पण मान वळवता येईना.

"मला मांडी घालून बसायचंय," मी म्हणालो.

तो डोकं खाजवायला लागला. म्हणाला, हा प्रोग्रॅम परदेशातला. त्यातला माणूस उभा राहतो, चालतो, फार तर खुर्चीवर बसतो. जमिनीवर बसणारा माणूस त्यात धरलेलाच नाही.

बाकावर सुरगाण्याकडची एक बाई नंबर लावून बसली होती, तिचाही पाय गुडघ्यावरून गेलेला. ती तिथूनच म्हणाली, "खाली बसता नाय येणार तं पाय घेऊन करू काय? चूल काय माझी टेबलावर हाय?" तंत्रज्ञ हसला. मग त्याने खुर्ची पुढे ओढली आणि पडद्यावरच्या खोबणीची मागची कड खाली घ्यायला लागला.

माप पुण्याला कॉम्प्युटरवरूनच जायचं. तिथलं यंत्र साचा कोरायचं आणि साचा एसटीच्या पार्सलने नाशिकला यायचा. पहिली खोबणी आली ती घालून मी खाली बसलो आणि मागच्या मागे कलंडलो. दुसरीची कड इतकी कमी झाली होती की चालताना पाय निसटायचा, आणि मांडीला फोड आला. मी तंत्रज्ञाला नाही नाही ते बोललो. तो शांतपणे म्हणाला, "काका, पूर्वी साचा फुटला की पुन्हा प्लास्टर, पुन्हा पहिल्यापासून. आता तुमची मांडी इथे आहे. जिथे चुकलंय तेवढंच दुरुस्त करू." आणि खरंच, पुन्हा माप नाही, पुन्हा काही नाही. पडद्यावर त्याच गोळ्याची कड कुठे कापायची, कुठे ठेवायची, यावर आम्ही दोघं भांडत बसायचो. कुणाशी तरी भांडायला मिळत होतं, तेही मला बरंच वाटत होतं, खोटं कशाला बोलू?

तिसरी बसली. गुडघ्याच्या वर त्याने एक फिरती चकती घातली होती. बटण दाबलं की खट् करून खालचा पाय मोकळा व्हायचा आणि हाताने वळवून मांडी घालता यायची. उठताना पाय सरळ केला की पुन्हा खट्. मुलीने घरी पाट मांडला आणि रोज संध्याकाळी माझ्याकडून सराव करून घेतला. ती समोर पाण्याचा तांब्या घेऊन बसायची आणि गुरुजींच्या आवाजात काहीबाही मंत्र म्हणायची. मी बटण दाबायचो, बसायचो, उठायचो. एकदाही अडलं नाही. एकदा आम्ही दोघं इतके हसलो की शेजारीण काय झालं म्हणून बघायला आली.

लग्न साधंच होतं. अक्षता पडल्या आणि सगळा मांडव जेवणाकडे पळाला. उरले गुरुजी, व्याही, भाऊ, वहिनी आणि आम्ही. मी पाटापाशी गेलो, बटण दाबलं, पाय वळवला आणि मांडी घालून बसलो. शेजारच्या पाटावर सुपारी. व्याही म्हणाले, "वा! कळतसुद्धा नाही हो!" भावाच्या डोळ्यांत पाणी आलं. माझी छाती फुगली होती, काय सांगू.

वहिनीने उभं राहून झारीतून पाणी सोडलं. ते माझ्या ओंजळीतून मुलीच्या ओंजळीत, तिच्या ओंजळीतून जावयाच्या. गार पाणी. तिची बोटं माझ्या बोटांना लागत होती. आणि तेव्हा, अगदी तेव्हा, माझ्या डोक्यात शिरलं की मी काय करतोय. इतके महिने मी या बसण्याच्या मागे लागलो होतो. कड, फोड, पार्सल, भांडणं. हे सगळं कशासाठी, ते एकदाही मनात आलं नव्हतं. हिला देऊन टाकण्यासाठी. मीच धडपडून, शिकून, घासूनपुसून स्वतःला एकटं करायला इथे येऊन बसलो होतो. ओंजळीतलं पाणी संपलं.

"झालं," गुरुजी म्हणाले. "आता यजमानांनी उठावं."

मी उठलो नाही.

"पाय अडकला का रे?" भाऊ घाईने पुढे आला.

"हो," मी म्हणालो. "अडकलाय."

भाऊ माझ्या काखेत हात घालायला वाकला. व्याही कुणाला तरी खुर्ची आणायला सांगू लागले. मुलीने मुंडावळ्या बाजूला सारल्या आणि माझ्याकडे पाहिलं. तिला माहीत होतं. तिने ओला हात माझ्या डाव्या गुडघ्यावर ठेवला. तिथे मला काहीच कळत नाही.

"काका, ओढू नका त्यांना," ती म्हणाली. "कधी कधी होतं असं. गुरुजी, जरा थांबा ना."

गुरुजी थांबले. आम्ही तसेच बसून राहिलो.