भोर ते बंगालचा उपसागर, व्हाया भाटघर

मी एकतीस वर्षं भोरच्या शाळेत भूगोल शिकवला. एवढ्या काळात मी स्वतः पाहिलेला भूगोल म्हणजे पूर्वेला सासवड, पश्चिमेला महाड, दक्षिणेला कोल्हापूर आणि उत्तरेला एकदा नाशिक. तोही एसटीच्या खिडकीतून आणि निम्मा झोपेत. पण वर्गात उभी राहिले की ब्रह्मपुत्रेच्या पुराबद्दल अशी बोलायचे, जणू कालच पाणी आमच्या स्वयंपाकघरात शिरलं होतं.

दरवर्षी नद्या शिकवताना मी खिडकीबाहेर बोट दाखवायचे. "ही आपली नीरा. ही नरसिंहपूरला भीमेला मिळते, भीमा कृष्णेला, आणि कृष्णा जाते बंगालच्या उपसागराला. म्हणजे आपल्या पुलाखालचं पाणी आंध्रच्या किनाऱ्याला लागतं." मुलं वहीत लिहून घ्यायची. एकदा लिहून घेतलं की ते खरं, असा मुलांचा आणि माझा समज होता.

निवृत्तीच्या दिवशी शाळेत सत्कार झाला. एका वक्त्याने सांगितलं की आता बाई विश्रांती घेतील, नातवंडांत रमतील. मला नातवंडं नाहीत. त्या रागात मी माईक हातात घेतला आणि म्हणाले, "आता मी इथून सायकलवर बंगालच्या उपसागरापर्यंत जाणार आहे." हे मी आधी ठरवलेलं नव्हतं. वाक्य तोंडातून बाहेर पडल्यावर सगळ्यांबरोबर मीही ते पहिल्यांदाच ऐकलं. टाळ्या इतक्या वाजल्या की ते मागे घ्यायची सोय उरली नाही.

माझे यजमान गंगाधर कोर्टात बेलिफ होते. लोकांच्या दारात अप्रिय कागद घेऊन उभं राहण्यात त्यांचा जन्म गेला, त्यामुळे ते मोजकंच बोलतात. घरी आल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "तुला सायकल येते?"

"लहानपणी येत होती," मी म्हणाले.

एकवीस गिअरची सायकल घेतली. त्यातले दोन मला समजले. उरलेले एकोणीस कशासाठी असतात ते अजून कळलेलं नाही. सहा महिने रोज सकाळी मी आंबवड्यापर्यंत जाऊन येत होते. पहिल्या आठवड्यात रस्त्यातल्या मोटारसायकली थांबून विचारायच्या, "काय झालं, सोडू का कुठं?" अठ्ठावन्न वर्षांची बाई साडीखाली पायजमा घालून, डोक्याला हेल्मेट लावून सायकल हाणतेय म्हणजे घरी काहीतरी अघटित घडलं असणार, अशी त्यांची खात्री असायची.

डिसेंबरात निघायचं ठरलं. कापूरहोळ, सासवड, यवत, तिथून सोलापूरचा हमरस्ता, मग हैदराबाद, विजयवाडा आणि शेवटी मछलीपट्टणमचा समुद्र. माझ्या जुन्या विद्यार्थ्यांनी मोबाईलवर एक ग्रुप काढला. नाव ठेवलं ‘भोर ते बंगालचा उपसागर’. दोनशे बारा माणसं त्यात शिरली. निघायच्या दिवशी शाळेच्या मैदानावर मांडव, लेझीम, नारळ. सातला निघायचं होतं. भाषणं संपता संपता सव्वादहा झाले. माझ्या गळ्यात झेंडूचा हार होता, सायकलला झेंडा, आणि मागे चोवीस किलो सामान. त्यात मच्छरदाणी होती, लोणच्याची बरणी होती, छोटा कुकर होता, शालेय नकाशासंग्रह होता, आणि सत्काराच्या तीन शालीसुद्धा होत्या, कारण त्या देणाऱ्यांपैकी कोणी वाटेत भेटलं असतं तर.

मुलं गावाच्या वेशीपर्यंत सायकली घेऊन आली आणि हात हलवून परतली. मी एकटी पुढे निघाले. असं वाटत होतं की आता देश माझ्यासमोर उलगडत जाणार. तो सहा-सात किलोमीटर उलगडला.

भाटघरच्या अलीकडे उतार आहे. तिथे शेळ्यांचा कळप रस्ता ओलांडत होता. मी दोन्ही ब्रेक दाबायला हवे होते, ते सहा महिने शिकलेही होते. मी नेमका पुढचा दाबला. मागच्या चोवीस किलोंना थांबायचं नव्हतं. मी, झेंडा, कुकर आणि हार असे सगळे रस्त्याकडेच्या चारीत गेलो. बरणी फुटली नाही, गुडघा मात्र कामातून गेला.

ज्या बाईने मला बाहेर काढायला हात पुढे केला, त्या ओळखीच्या निघाल्या. बनाबाई आमच्याच शाळेत शिपाई होत्या. माझ्या बावीस वर्षांच्या तासांची घंटा त्यांनी वाजवली होती. भाटघरलाच त्यांचं घर. तेव्हा त्या म्हशीला वैरण घेऊन चालल्या होत्या.

"बाई, तुमी तर आज समुद्राला निगाला हुता," त्या म्हणाल्या.

"निघालेय," मी चारीतून म्हणाले.

त्यांच्या ओसरीवर माझा गुडघा भोपळ्याएवढा झाला. डॉक्टर येऊन पाहून गेले. हाड मोडलेलं नाही, पण तीन आठवडे पाय हलवायचा नाही. मी गंगाधरना फोन केला. ते म्हणाले, "रिक्षा घेऊन येतो."

"नको," मी म्हणाले. "मांडव अजून सोडला नसेल."

 संध्याकाळी ते औषधं आणि माझी उशी घेऊन एसटीने आले, उशी ठेवली आणि शेवटच्या गाडीने परत गेले.

मी दोन दिवसांत ग्रुपवर खरं सांगणार होते. पण त्या संध्याकाळी ग्रुपवर पहिला प्रश्न आला, "बाई, सासवडला पोचलात का?" खाली हात जोडलेली चाळीस चित्रं. मी बनाबाईंच्या खाटेवर पडल्या पडल्या लिहिलं, "हो. संध्याकाळी पोचले. कऱ्हेकाठी गार वारा आहे." सासवड मी पाहिलं होतं, म्हणून हे खोटं अर्धंच आहे असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी यवत. भुलेश्वराच्या घाटाचं वर्णन मी बारा ओळी केलं. कुठलाही घाट न पाहता त्याचं वर्णन करण्याचा एकतीस वर्षांचा सराव कामी आला. तिसऱ्या दिवशी भिगवण. रोहित पक्षी थव्याने उतरताना दिसले, असं लिहिलं. लोक फोटो मागायला लागले. मी लंगडत मागच्या दारी गेले, भाटघरच्या धरणाचं पाणी टिपलं आणि ‘उजनीचा जलाशय, पक्षी नुकतेच उडाले’ असं लिहून पाठवून दिलं. ग्रुपमध्ये निम्मे भोरचे होते. एकालाही आपलं धरण ओळखता आलं नाही. एकाने तर लिहिलं, "बाई, असं सौंदर्य आपल्याकडं न्हाई."

गंगाधरनी त्या दिवसांत घराबाहेर पडणं बंद केलं. पेपरसुद्धा शेजाऱ्याला आणायला सांगायचे. रस्त्यात कोणी माझी चौकशी केली तर खोटं बोलावं लागेल, म्हणून. ते मला त्यांनी नंतर सांगितलं. तेव्हा मला वाटलं, थंडीमुळे असेल.

बनाबाई लिहिता-वाचता येणाऱ्या. त्या माझ्या खांद्यावरून मोबाईल वाचायच्या. एकदा म्हणाल्या, "उद्या कुठं मुक्काम तुमचा?"

"इंदापूर."

"बरं. मंग हितं पिठलं करू का तुमाला?"

इंदापुरात माझा जुना विद्यार्थी इंद्रजित पेट्रोलपंपावर कामाला होता. वर्गात तो शेवटच्या बाकावर बसायचा आणि नकाशात नेहमी श्रीलंका काढायला विसरायचा. त्याने ग्रुपवर लिहिलं, "बाई, उद्या आमच्याकडं जेवायचं. मी रस्त्यावर उभा राहतो."  मी अंगठ्याचं चित्र पाठवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी साडेबाराला त्याचा फोन आला. "बाई, तुमी कुठं हाय? आमी नवापासनं पुलाखाली उभं हाय. बायको हाय, पोरी हायेत. पोरींनी पाटी केलीया तुमच्या नावाची."

"अरे, मी पहाटेच निघाले," मी म्हणाले. "पुढे आले बरीच."

"मग हरकत न्हाई. मी गाडीवर येतो मागनं. डबा भरल्याला हाय." मी नको म्हणायच्या आत त्याने फोन ठेवला.

पुढचे दोन तास मी फोनकडे बघत बसले होते. बनाबाई शेजारी पावटा सोलत होत्या. अडीचला परत फोन आला. इंद्रजितचा आवाज बदललेला होता.

"बाई, मी टेंभुर्णीपातूर आलो. दर टपरीवर विचारलं. सायकलवरची बाई कुणी बगितलीच न्हाई म्हणत्यात. उसाच्या गाड्या लई हायेत रस्त्याला. मला भ्या वाटाया लागलंय. पोलिसांत सांगू का?"

बनाबाईंचे हात थांबले. "सांगा त्येला," त्या म्हणाल्या. "न्हाईतर मी सांगते."

मी सांगितलं. भाटघर, शेळ्या, चारी, गुडघा, भिगवणचे पक्षी, सगळं. 

"म्हंजे तुमी बऱ्या हाय," तो म्हणाला.

"हो. गुडघा तेवढा सुजलाय."

"बरं झालं. मंग मी डबा हितंच खातो बाई. लई भूक लागलीया."

त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं. शाळेत मी त्याला श्रीलंकेपायी दोनदा बाकावर उभं केलं होतं. देशाखालचं एक बेट विसरला म्हणून. मी तर अख्खा सोलापूर रस्ता बनवून सांगितला होता.

त्याच दुपारी मी ग्रुपवर सगळं लिहिलं. जमिनीवर पाय पसरून बसलेली मी, सुजलेला गुडघा आणि मागे बनाबाईंची म्हैस असा खरा फोटोही टाकला.  मग माणसं ग्रुपमधून जायला लागली. एकोणचाळीस गेली. सोनिया नावाच्या एका मुलीने, ती आता स्वतः शिक्षिका आहे, लिहिलं, "बाई, आम्ही नकाशा शेजारच्याचा बघून काढला की तुम्ही शंभर वेळा लिहायला लावायचात."

तिचं बरोबर होतं. मी गंगाधरना फोन करून एक शंभर पानी वही मागवली आणि ‘मी भिगवणला गेले नव्हते’ हे वाक्य शंभर वेळा लिहिलं. साठाव्या ओळीपर्यंत अक्षर चांगलं होतं. पुढे बोटं दुखायला लागली आणि ‘भिगवण’मधला ‘ण’ कसाही पडायला लागला. मुलांना काय काय करायला लावलं मी, हे तेव्हा कळलं. पानांचे फोटो टाकले. सोनियाने सव्विसाव्या ओळीत ‘नव्हते’ राहिलंय, असं दाखवून दिलं. म्हणजे एकदा मी भिगवणला गेले होते. ती ओळ परत लिहिली.

डॉक्टरांचे तीन आठवडे लांबत गेले आणि फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात गुडघा वाकायला लागला. मी सायकल बनाबाईंच्या गोठ्यातून बाहेर काढली. मांडव नव्हता. गंगाधर आले होते. बनाबाईंनी माझं सामान ओसरीवर ओतलं आणि एकेक वस्तू उचलून विचारायला लागल्या.

"ह्यो कुकर कशाला?"

"वरणभात करता येईल."

"सगळीकडं लोकं जेवत्यातच की. ठिवा. ह्या शाली?"

मी कारण सांगितलं. त्यांनी ते ऐकलं आणि शाली म्हशीच्या पेंडीच्या पोत्यावर टाकल्या. चोविसाचे नऊ किलो झाले. नकाशासंग्रह मी हट्टाने ठेवला होता. तो गंगाधरनी काढून घेतला आणि म्हणाले, "रस्त्यावर पाट्या असतात."

मी निघाले. त्या उताराचा उरलेला भाग सायकल हातात धरून चालत उतरले. शेळ्या नव्हत्या, तरीही.

मछलीपट्टणमला पोचायला मला चौतीस दिवस लागले. सायकलवाले लोक हे अंतर आठ-दहा दिवसांत कापतात असं मागाहून कळलं. रोज पंचवीस-तीस किलोमीटर, मग शाळा दिसली की आत शिरायचं. मी शिक्षिका आहे म्हटलं की कुठल्याही भाषेत चहा मिळतो. इंदापुरात इंद्रजित पुलाखाली उभा होता, पण पोरींनी या वेळी पाटी केली नव्हती. धाकटीने मला चिमटा काढून बघितला. जेवताना इंद्रजित म्हणाला, "त्या दिवशी डब्यात पुरणपोळ्या हुत्या बाई. आज शेवभाजी हाय." मी तीन वेळा वाढून घेतली.

भिगवणला पक्षी खरंच होते. मी लिहिले होते त्याहून कमी गुलाबी आणि बरेच लांब. हैदराबादेत रहदारी बघून मी दीड दिवस सायकल ढकलत चालले. सूर्यापेटच्या पुढे चाक पंक्चर झालं, तेव्हा एका म्हाताऱ्याने ते काढून दिलं आणि तो तेलुगूत मला बराच वेळ रागावला. काय ते समजलं नाही, पण त्याचं खरं असणार असं वाटून मी मान डोलवत राहिले.

समुद्रावर पोचले तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. कोळ्यांच्या होड्या, दोन कुत्री, शेंगा विकणारी एक बाई. नकाशात मी एकतीस वर्षं निळ्या खडूने रंगवलेला समुद्र मातकट होता. मी सायकल वाळूत आडवी टाकली आणि गंगाधरना फोन लावला.

"पोचले," मी म्हणाले.

"खरंच?" त्यांनी विचारलं.

मी कॅमेरा सुरू करून मोबाईल पाण्याकडे वळवला. त्यांनी चष्मा लावला, ते मला पडद्यावर दिसलं. 

"पाणी गढूळ आहे," ते म्हणाले.

"नदीचा गाळ आहे तो. त्रिभुज प्रदेश आहे इथे."

"बरं. जेवलीस का?"

मी जेवले नव्हते. शेंगावालीला हाक मारली.