कंदिलासाठी कटर

पेपर कटर आणायचा म्हणजे सुरी आणण्याइतकं सोपं काम, असं मला वाटायचं. नसरापूरच्या स्टेशनरीच्या दुकानात उभी राहिले तेव्हा कळलं, की तो कोण चालवणार हे आधी पाहावं लागतं.

आमच्या घरी कागद कापण्याचं काम यांचं. कचेरीतली नोकरी संपली तरी दिवाळीचा आकाशकंदील घरीच करायची सवय काही सुटली नाही. एक आमच्या भोरच्या गॅलरीत आणि एक माझ्या माहेरी, वेल्ह्याच्या वर डोंगरातल्या वाडीवर. तिथे वसुबारसेला जावयाचा कंदील गोठ्याच्या दारात लागल्याशिवाय गाय-वासराची पूजा होत नाही. कुठल्या शास्त्रात लिहिलंय म्हणाल, तर कुठल्याच नाही. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला यांनी हौसेनं एक नेला आणि माझ्या आईनं त्याची रीत करून टाकली.

यंदा यांचा उजवा हात थरथरायला लागला. कात्री धरली की झिरमिळ्या नागमोडी होतात, नाहीतर तुटून पडतात. अशात माझ्या भावाचा फोन आला, "दाजी, औंदा कंदील कवा धाडताय? गोठ्याची खुंटी मोकळीच ठेवलीया."

"यंदा विकतचाच पाठवतो," हे म्हणाले आणि फोन ठेवून हात मांडीवरच्या टॉवेलखाली घेतला. मला इतका राग आला त्या टॉवेलचा! दुसऱ्या दिवशी पिशवीत घोटीव कागद घातला आणि नसरापूरची एसटी पकडली.

दुकानदारानं तीन कटर काढून ठेवले. झिरमिळ्यांसाठी कागद आरपार कापून चालत नाही, वरची बोटभर कड शाबूत राहावी लागते. त्यामुळे सांगू तिथे थांबणारा कटर हवा होता. ते बघायला मी उजवा हात मुद्दाम यांच्यासारखा हलवत एकेक चालवून पाहिला. दांडीवाल्यानं एका घावात कागदाचे दोन तुकडे केले. चाकवाल्यावर दाब सारखा पडेना, मधेमधे कागद तसाच राहिला. तिसऱ्याचं पातं खाचेतून सरकणारं. हात कितीही हलो, ते आपलं सरळ चाललेलं.

"काकू, बरं वाटत न्हाई का?" दुकानदार घाबरला. "बसा हितं, पानी देतो."

"मला काही झालेलं नाही. एक क्लिप द्या."

खाचेवर क्लिप लावून पाहिली. पातं तिथे येऊन अडलं. तोच घेतला.

घरी यांनी कटर उलटासुलटा करून पाहिला. "दांडीवाला मजबूत असतो. हा प्लॅस्टिकचा कशाला आणलास?"

"तो चालवून पाहिला ना मी!"

"कसा?"

बोलण्याच्या भरात मी हात पुढे केला आणि दुकानात हलवला होता तसा हलवून दाखवला. मनगटाची बारीक थरथर, अंगठ्याचं आत ओढलं जाणं, सगळं हुबेहूब. हे बघतच राहिले. इतके दिवस हे लपवत होते आणि मी न पाहिल्याचं सोंग करत होते. दोघांचंही उघडं पडलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"इतका हलतो?" यांनी विचारलं.

नाही म्हणायचं अगदी ओठावर आलं होतं, पण जमलं नाही. "सकाळी कमी हलतो," मी म्हणाले. "चहाच्या आधी."

यांनी टॉवेल घडी करून खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि हात टेबलावर, कटरच्या शेजारी ठेवला. तो हलत होता.

"मग उद्या चहा जरा उशिरा कर," हे म्हणाले.